हवा कोरडी करणारा इंजिनिअर

मार्च लागला की पालघर-बोईसर भागातल्या एसी मेकॅनिकला उसंत मिळत नाही. तीन-चार महिने बंद असलेले यंत्र पहिल्यांदा चालू केले की कुणाकडे भिंतीवरून पाणी ओघळते, कुणाकडे कुबट वास येतो, तर कुणाकडे खोली गार होऊनही अंग चिकचिकीतच राहते. यावर बहुतेक घरांत एकच उपाय ठाऊक असतो, तो म्हणजे गॅस भरून घेणे. पण खोली गार आणि अंग चिकट ही तक्रार दर वेळी गॅसची नसते. बऱ्याचदा ती हवेतल्या पाण्याची असते. एसी हे यंत्र जन्माला आले तेच मुळी हवेतल्या पाण्याचा बंदोबस्त करण्यासाठी. ज्या तरुणाने ते बनवले त्याच्यासमोर घामाने भिजलेली माणसे नव्हती, फुगलेले कागद होते.

त्याचे नाव विलिस हॅविलँड कॅरिअर. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या शेजारच्या घिवलीसारख्या समुद्रकाठच्या गावात त्याचे चरित्र केवळ मनोरंजनासाठी वाचायचे नाही. तिथल्या उकाड्याचे आणि त्यावरच्या उपायाचे शास्त्र त्यात आहे.

सफरचंदाच्या फोडी

कॅरिअरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळच्या एका शेतावर झाला. ईरी सरोवराचा हा काठ. घरात तो एकटाच मूल. शाळेत अपूर्णांक आला आणि मुलाला काही केल्या तो समजेना. तेव्हा आईने तळघरातून सफरचंदे आणायला लावली, त्यांच्या अर्ध्या, पाव आणि आठव्या भागाच्या फोडी करून बेरीज-वजाबाकी शिकवली. अवघड प्रश्नाचे लहान तुकडे करायचे आणि एकेक तुकडा सोडवत जायचा, ही सवय त्याला तिथून लागली, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तो ११ वर्षांचा असताना ही आई गेली.

शाळा संपता संपता १८९३ ची मोठी मंदी आली. शेतीचे उत्पन्न आटले आणि पुढचे शिक्षण लांबणीवर पडले. शेतावर राबत, शाळेत शिकवत त्याने काही वर्षे काढली. १८९७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. शिष्यवृत्तीत भागत नसे, म्हणून मिळेल ते काम करायचे. विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन देणारी सहकारी लाँड्रीही त्याने चालवली. १९०१ मध्ये तो इंजिनिअर झाला आणि बफेलो शहरातल्या बफेलो फोर्ज या कंपनीत आठवड्याला १० डॉलर पगारावर रुजू झाला.

ही कंपनी पंखे, भट्ट्या आणि इमारती गरम ठेवण्याची यंत्रे बनवत असे. तिथे कॅरिअरच्या लक्षात आले की किती मोठ्या खोलीला केवढे यंत्र लागेल हे अनुभवी लोक अंदाजानेच ठरवतात. अंदाज चुकू नये म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र बसवायचे, अशी रीत होती. त्याने प्रत्यक्ष मोजमापे घेऊन तक्ते तयार केले. कंपनीचा खर्च इतका वाचला की या नवख्या मुलासाठी तिने प्रयोगशाळा उभी करून दिली.

फुगणारा कागद

१९०२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेम्स या छापखान्याची अडचण कंपनीकडे आली. हा छापखाना रंगीत चित्रे छापत असे. एका कागदावर एकेक रंग वेगवेगळ्या वेळी चढवायचा, म्हणजे तोच कागद यंत्रातून चार वेळा जाणार. दमट दिवशी कागद हवेतले पाणी शोषून किंचित फुगे, कोरड्या दिवशी आकसे. मग दुसरा रंग पहिल्या रंगावर नेमका बसेना. चित्रे बिघडत, कागद वाया जाई, काम रखडे.

छापखान्याला थंडावा नको होता. वर्षभर हवेतला ओलावा एकसारखा हवा होता. पंचविशीतल्या कॅरिअरने या प्रश्नाच्या फोडी केल्या. हवेतून पाणी काढायचे कसे? याचे उत्तर प्रत्येक घरात रोज दिसते. फ्रिजमधून काढलेली बाटली मेजावर ठेवली की दोन मिनिटांत तिला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी बाटलीतून झिरपत नाही, ते खोलीतल्या हवेतले असते. थंड पृष्ठभागाजवळ आलेल्या हवेला आपल्या पोटातली सगळी वाफ पेलवत नाही आणि जादाची वाफ थेंब होऊन बाहेर पडते. ज्या तापमानाला हे होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात.

कॅरिअरने नळ्यांच्या वेटोळ्यातून थंड पाणी फिरवले आणि पंख्याने खोलीतली हवा त्या वेटोळ्यावरून नेली. हवा गार झाली, तिच्यातले पाणी नळ्यांवर जमून खाली गळाले आणि कोरडी झालेली हवा छापखान्यात परतली. या रचनेच्या आराखड्यावर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. आधुनिक वातानुकूलनाचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख धरली जाते. आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवायचे उद्दिष्ट होते. यंत्राची क्षमता रोज ४९,००० किलो बर्फ वितळावा एवढी होती.

एसीचे माप आजही टनात सांगतात ते याच हिशेबाने. सुमारे ९०७ किलोचा एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढणारे यंत्र म्हणजे एक टनाचा एसी. हे यंत्राचे वजन नव्हे. ब्रुकलिनचे पहिले यंत्र आजच्या दीड टनाच्या ३६ एसींइतके होते.

पिट्सबर्गचे धुके

कॅरिअर स्वतः त्या यंत्रावर पुरता समाधानी नव्हता. ओलावा हवा तेवढाच राखणे अजून जमले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस एका थंड रात्री तो पिट्सबर्ग स्टेशनवर गाडीची वाट पाहत होता. फलाटावर दाट धुके होते. ते पाहता पाहता त्याच्या मनात विचार आला की धुके म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेली हवा. पण ही हवा थंड आहे, त्यामुळे काठोकाठ भरूनही तिच्यात पाणी थोडेच आहे. अशी हवा नंतर जराशी गरम केली तर ती कोरडी ठरेल. म्हणजे हवे तेवढे थंड धुके बनवता आले, तर हवे तेवढ्याच ओलाव्याची हवा तयार करता येईल.

यातून जे यंत्र निघाले ते ऐकणाऱ्याला उफराटे वाटे. हवा थंड पाण्याच्या बारीक तुषारांतून न्यायची आणि पाण्यानेच हवा कोरडी करायची. तुषारांचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा कमी असले की वाफ त्यांच्यावर जमते आणि हवा कोरडी होते. तापमान जास्त असेल तर हवाच पाणी घेते. पाण्याचे तापमान बदलले की ओलावा बदलतो. या यंत्राचे पेटंट त्याला २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले.

पहिली मोठी गिऱ्हाइके होती कापडगिरण्या. सूत कोरड्या हवेत तुटते, त्यामुळे गिरणीला ओलावा लागतो. मुंबईत गिरण्या बहरल्या त्यात समुद्रावरच्या दमट हवेचाही हात होता. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा विदर्भाच्या कोरड्या हवेत सूत टिकवणे हा प्रश्न होताच. पुढे त्यांनी गिरणीत हवा दमट करणारी यंत्रे बसवली. अमेरिकेतल्या गिरण्यांत हेच काम करणाऱ्या स्टुअर्ट क्रेमरने १९०६ मध्ये या तंत्राला एअर कंडिशनिंग हे नाव दिले. कॅरिअरने ते उचलले आणि जगभर रूढ केले.

ओला तापमापक काय सांगतो

डिसेंबर १९११ मध्ये कॅरिअरने अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. हवेचे तापमान, तिच्यातली वाफ, दवबिंदू आणि उष्णता यांचा परस्परसंबंध त्याने सूत्रांत आणि आलेखात बसवला होता. या विद्येचे शिक्षण आजही त्या आलेखापासून सुरू होते. त्यातली एक गोष्ट डॉक्टरांच्याही कामाची आहे. ती म्हणजे ओल्या तापमापकाचे तापमान. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की पाणी उडते आणि पारा उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका तो जास्त उतरतो. हवा वाफेने भरलेली असेल तर उतरतच नाही.

माणसाची घामेजलेली कातडी हे असेच ओले फडके आहे. शरीर गार राहते ते घाम आल्याने नव्हे, घाम उडाल्याने. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कातडीवरून नुसता ओघळून जमिनीवर पडला तर शरीराला गारवा मिळत नाही. पाणी आणि मीठ मात्र जाते.

आता दोन ठिकाणांचा हिशेब पाहू. मे महिन्यातली नागपूरची दुपार, तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. घिवलीची दुपार, तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के. नागपूरच्या एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम पाणी असते, घिवलीच्या तेवढ्याच हवेत २५ ग्रॅम. ओला तापमापक नागपुरात २३ अंशांच्या आसपास थांबेल, घिवलीत २८ अंशांच्या. म्हणजे घाम उडवून गार होण्याची जेवढी मोकळीक नागपूरच्या हवेत आहे, तेवढी घिवलीच्या हवेत नाही, जरी पारा तिथे ११ अंशांनी खाली असला तरी. याचा अर्थ विदर्भाचा उन्हाळा सौम्य असा नव्हे. तिथे गरम वारा शरीर तापवतो आणि पाणी वेगाने जाते. मात्र किनाऱ्यावर केवळ पाऱ्याचा आकडा पाहून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

ओला तापमापक ३५ अंशांवर गेला तर धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसूनसुद्धा काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. अलीकडच्या प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांची मर्यादाही याहून बरीच खाली आढळली. वृद्ध, हृदयरोगी, मूत्रपिंडाचे रुग्ण, तान्ही बाळे आणि उन्हात राबणारे मजूर यांच्यासाठी ती आणखी खाली असते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात तासन् तास बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचे प्राण गेले. पारा त्या दिवशी ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात मे महिन्यात हा आकडा कुणी मोजणारही नाही. खाडीकाठच्या हवेत तो पुरेसा ठरला.

इस्पितळ, कंपनी आणि नाट्यगृह

कॅरिअरचे काम माणसांच्या उपयोगी पडू लागले ते अकाली जन्मलेल्या बाळांपासून. १९१४ मध्ये पिट्सबर्गच्या ॲलेगेनी रुग्णालयात अशा बाळांच्या कक्षात त्याचे यंत्र बसले. तिथे हवा कोरडी करायची नव्हती, उलट तिच्यात ओलावा घालायचा होता, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाजूक कातडीतून पाणी झपाट्याने जाते. यंत्र तेच, गरज उलटी.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. बफेलो फोर्जने खर्च आवरायचे ठरवले आणि हवेच्या या नव्या धंद्यातून अंग काढून घेतले. कॅरिअर आणि त्याचे सहा सहकारी बाहेर पडले. सगळ्यांची मिळून ३२,६०० डॉलरची पुंजी होती. तेवढ्यावर २६ जून १९१५ रोजी त्यांनी स्वतःची कंपनी काढली. जे. अर्व्हिन लाइल हा त्यातला व्यवहार पाहणारा माणूस. कॅरिअर स्वतः गणितात इतका बुडालेला असे की प्रवासाला निघताना बॅगेत एक हातरुमालच टाकून निघाल्याची गोष्ट त्याच्याविषयी सांगतात. घरीही त्याने खूप सोसले. पहिली पत्नी १९१२ मध्ये वारली, दुसरी १९३९ मध्ये.

तोवर थंडाव्यासाठी बहुधा अमोनिया वायू वापरत. तो विषारी, गळती झाली तर जीव घेणारा. गर्दीच्या जागी असे यंत्र बसवायला कोण धजावणार? १९२२ मध्ये कॅरिअरने नवे शीतयंत्र लोकांपुढे आणले. ते आकाराने लहान, आवाजाला कमी होते आणि त्यात अमोनिया नव्हता. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन दुकानात ते बसले आणि सेलच्या गर्दीत गिऱ्हाइकांना भोवळ येणे थांबले.

खरी कसोटी लागली १९२५ च्या मे अखेरीस, न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात. उन्हाळ्यात चित्रपटगृहे ओस पडत. त्या दिवशी लोक सवयीप्रमाणे हातपंखे घेऊन आले. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला. सभागृह तापले होते, सगळीकडे पंखे हलत होते. पॅरामाउंटचा मालक ॲडॉल्फ झुकोर सज्जात बसून पाहत होता आणि कॅरिअरची माणसे घाम पुसत उभी होती. हळूहळू हवा सुकली आणि गार झाली. एकेक करत पंखे मांडीवर विसावले. १९३० पर्यंत सुमारे ३०० चित्रपटगृहांत कॅरिअरची यंत्रे बसली.

ही लाट मुंबईलाही पोहोचली. १९३३ मध्ये कुलाब्याला उघडलेले रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. १९३४ मध्ये मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला थंड हवेचा डबा जोडला गेला. त्यात कॅरिअरचे यंत्र नव्हते. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरत आणि त्यांच्यावरून पंख्याने हवा आत सोडत. बर्फ संपला की वाटेतल्या स्टेशनात पुन्हा भरायचा. ही गाडी पालघर-बोईसरच्या रुळांवरूनच उत्तरेला जात असे. होडीत बर्फ भरून समुद्रात जाणाऱ्या इथल्या मच्छीमारांना या डब्याची युक्ती निराळी समजावून सांगावी लागली नसती.

घरात शिरायला लागलेला वेळ

कॅरिअरने १९२८ मध्ये घरासाठी लहान यंत्र बाजारात आणले, पण पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि ते चालले नाही. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्याने हिमघरासारखा दालनाचा देखावा उभारून उद्याचे घर कसे असेल ते दाखवले. मग दुसरे महायुद्ध आले. खिडकीत बसणारा एसी अमेरिकी घरांत खऱ्या अर्थाने पसरू लागला तो युद्धानंतर. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅरिअरचे निधन झाले, तेव्हा ही पसरण नुकती कुठे सुरू झाली होती. मुंबईत ब्लू स्टार १९४३ मध्ये आणि व्होल्टास १९५४ मध्ये सुरू झाली. तरी मराठी मध्यमवर्गीय घरात एसी यायला पुढे कित्येक दशके लागली.

काही गोष्टी त्याने पाहिल्या नाहीत. एसीत वापरल्या जाणाऱ्या वायूंपैकी काही ओझोनच्या थराला भोके पाडतात हे कळल्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रिअलचा करार करावा लागला. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली आणि अनेक जण दगावले. त्यातून लिजिओनेला हा जीवाणू उजेडात आला. मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यात तो वाढू शकतो. घरच्या स्प्लिट एसीला असा टॉवर नसतो, त्यामुळे या आजाराची धास्ती घरच्या एसीमुळे घेऊ नये. घरच्या एसीतला धोका वेगळा आणि साधा आहे. तिथे धूळ आणि ओल एकत्र येतात आणि बुरशी वाढते. दमेकऱ्याला आणि ॲलर्जी असलेल्याला तेवढे पुरते.

मार्चमधली तयारी

कॅरिअरने मांडलेले काम नीट चालू आहे की नाही, हे तपासणे म्हणजेच एसीची उन्हाळी तयारी. थंड वेटोळ्यावरून हवा मोकळी वाहिली पाहिजे, पाणी जमून बाहेर गेले पाहिजे आणि खोलीतली उष्णता बाहेरच्या युनिटमधून निघून गेली पाहिजे.

जाळी: पुढचे झाकण उघडले की दिसणारी जाळी काढून साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. उन्हाळाभर दर पंधरवड्याला हे करावे. जाळी तुंबली की वेटोळ्यावर हवा पोहोचत नाही, त्यावर बर्फ धरतो आणि खोलीत थेंब पडू लागतात.

पाण्याची नळी: ही सर्वांत दुर्लक्षित आणि किनाऱ्यावर सर्वांत महत्त्वाची. हिवाळ्यात तिच्यात धूळ, शेवाळ, कधी किड्यांची घरटी जमतात. ती मोकळी आणि उताराची असावी. घिवलीच्या दमट दिवसांत चालू एसीतून ताशी लिटरभर किंवा त्याहून अधिक पाणी निघू शकते. दहा बाय बाराच्या खोलीतली हवा एकदा सुकवायची म्हटले तरी दोन पेले पाणी निघते, शिवाय फटींतून नवी दमट हवा येतच राहते. एसी तासभर चालूनही नळी कोरडी असेल तर यंत्र हवा सुकवत नाही किंवा पाणी आतच तुंबले आहे.

बाहेरचे युनिट: समुद्रावरून येणारा खारा वारा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आणि तांब्याच्या नळ्या खातो. किनाऱ्याजवळच्या घरांत वीज बंद करून, हलक्या धारेने, गोड्या पाण्याने या पात्या अधूनमधून धुऊन घ्याव्यात. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात. युनिटच्या तोंडासमोर कुंड्या, पत्रे, वाळत घातलेले कपडे नसावेत. हे युनिट उंच भिंतीवर असेल तर घरच्या माणसाने लटकून साफसफाई करू नये.

गॅस: एसीतला गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो, तो पेट्रोलसारखा संपत नाही. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधून बंद करावी, मगच गॅस भरावा. किनाऱ्यावर गंजामुळे अशी गळती जास्त होते.

वीज: गंजलेले जोड, ढिला प्लग, जळका वास यांकडे काणाडोळा नको. अर्थिंग तपासून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी चालवू नये.

पहिला दिवस: साफसफाईनंतर खिडक्या उघड्या ठेवून अर्धा तास यंत्र चालवावे. दमेकरी, बाळंतीण, तान्हे मूल त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावे. कुबट वास गेला नाही तर आतले वेटोळे आणि पाण्याची तबकडी मेकॅनिककडून धुऊन घ्यावी.

तापमान: १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, वीज मात्र जास्त जाते. २४ ते २६ अंश आणि सोबत मंद पंखा पुरेसा असतो. २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या घरगुती एसींत २४ अंश ही सुरुवातीची खूण ठेवलेली असते. पाऱ्यापेक्षा चिकचिकच जास्त असेल तेव्हा ड्राय मोड वापरावा. खोलीच्या मानाने मोठा एसीही घेऊ नये. तो हवा झटकन गार करून बंद पडतो आणि हवा सुकवायची राहून जाते. कॅरिअरने बफेलोत मोडून काढलेली अंदाजाची रीत आजही दुकानांत चालू आहे. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, म्हणून दिवसातून काही वेळ खिडक्या उघडाव्यात.

कूलर: पाण्यावर चालणारा कूलर नागपुरात वरदान आहे. घिवलीत तो हवेत आणखी पाणी घालतो. त्याच पैशांत चांगला पंखा आणि हवेशीर खिडकी जास्त उपयोगी पडते.

ज्यांच्या घरी एसी नाही

प्रत्येक घरात एसी नाही आणि प्रत्येक एसी आतली उष्णता बाहेरच टाकतो. ती शेजारच्या पत्र्याच्या खोलीला आणि रस्त्यावरच्या माणसाला सोसावी लागते. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बाया, बोईसरच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार, विटा आणि खडी उचलणारे मजूर यांच्यासाठी कॅरिअरचे शास्त्र वेगळ्या रीतीने वापरता येते. घाम उडाला पाहिजे, हे सूत्र लक्षात ठेवायचे. सुती सैल कपडे, वाहती हवा, सावली, दर तासाला विश्रांती, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा ओआरएस. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या किंवा मानसिक आजारावरची काही औषधे घेणाऱ्यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. काही औषधांनी घाम कमी येतो, तर काहींनी शरीरातले पाणी घटते. ती स्वतःहून बंद मात्र करू नयेत.

अंग तापून लाल झाले, माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरीही. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मेंदू, मूत्रपिंड आणि यकृत यांवर घाला पडतो. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता रुग्णाला सावलीत निजवून, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतत वारा घालावा. मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा. मासळीच्या गावात बर्फ मिळायला वेळ लागत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

छापखान्यातला कागद फुगू नये म्हणून सुरू झालेली ही विद्या आज उन्हाळ्यात जीव वाचवते. मार्चमध्ये मेकॅनिक आला की गॅस किती आहे हे विचारण्याआधी पाण्याची नळी दाखवायला सांगावी. एसी चालू केल्यावर थोड्या वेळाने तिच्या टोकातून थेंब नियमित पडू लागले, की यंत्र आपले मूळ काम करते आहे आणि घर उन्हाळ्याला तयार आहे, असे समजावे.